राजा शहादेह, त्यांचे वडील आणि पड जमीन

रविवार, रात्री

उद्याच्या मुदतीची तयारी करायची होती, ती तशीच राहिली. दुपारपासून पॅलेस्टिनी वकील आणि लेखक राजा शहादेह यांचं 'पॅलेस्टिनियन वॉक्स' हातातून सुटलं नाही. रामल्ला हे वेस्ट बँकेतलं, म्हणजे १९६७ पासून इस्रायलच्या लष्करी ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशातलं शहर; त्याभोवतीच्या टेकड्यांमधल्या भटकंतीचं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. राजकीय लेखनासाठीचा २००८ चा ऑर्वेल पुरस्कार त्याला मिळाला आहे. मी मात्र अडकले ती त्यातल्या एका दाव्यापाशी.

रामल्लाच्या पश्चिमेला एका माणसाची जमीन होती. इस्रायलच्या लष्करी प्रशासनाने ती सरकारी ठरवली आणि ज्यू वसाहतीसाठी देऊन टाकली. शहादेह त्या माणसाचे वकील. लष्करी समितीपुढे त्यांनी मालकी शाबीत केली आणि समितीने ती मान्यही केली. तरी निकाल विरुद्ध गेला! कारण लष्करी हुकमात एक कलम आहे. अधिकाऱ्याने मिळकत सरकारी समजून सद्भावनेने कुणाला दिली असेल, तर पुढे ती सरकारी नव्हती असं निघालं तरी व्यवहार रद्द होत नाही. म्हणजे जमीन तुमची, हे खरं. पण ती आता परत मिळायची नाही.

मी दिवाणी बाजूचं काम करते, दावा हरणं मला नवं नाही. पुरावा तोकडा पडतो, साक्षीदार फिरतो, मुदतीचा कायदा आडवा येतो, हे सगळं पाहिलं आहे. पण पक्षकाराला घरी पाठवताना 'मालक तुम्हीच, कोर्टानं तसं म्हटलंय, आणि आपण हरलोय' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ते कलम मी पुन:पुन्हा वाचलं. असा मजकूर कुणीतरी बसून, विचार करून, नीट भाषेत लिहिला असणार, याचाच जास्त त्रास होतो.

या सगळ्यामागची तजवीज समजून घेतली पाहिजे. १९७९ च्या ऑक्टोबरात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने एलोन मोरे वसाहतीसाठी घेतलेला खासगी जमिनीचा ताबा बेकायदा ठरवला. मग दुसरी वाट शोधली गेली, ती थेट तुर्की साम्राज्याच्या काळातल्या, १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यात. त्या कायद्यात गावाबाहेरच्या बहुतेक शेतजमिनीची अंतिम मालकी सरकारची आणि कसणाऱ्याचा हक्क वहिवाटीचा. सलग तीन वर्षं जमीन पड टाकली तर तो हक्क जाऊ शकतो. १९६७ आधी वेस्ट बँक जॉर्डनकडे होती; त्या राजवटीत मोजणी करून नोंदी लावायचं काम चालू होतं, पण १९६७ च्या युद्धापर्यंत वेस्ट बँकेतली साधारण एक तृतीयांश जमीनच त्यात आली होती. ताबा घेतल्यावर इस्रायलने ते काम थांबवलं. उरलेल्यांकडे वहिवाट होती, शेजाऱ्यांची साक्ष होती, जुन्या करपावत्या होत्या. सातबारा आणि पीकपाहणीवर ज्यांचे दावे उभे राहतात किंवा कोसळतात, त्या आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला यातला धोका दोन मिनिटांत कळेल.

आणि ती जमीन काळीभोर, सपाट नव्हेच. दगडांच्या टेकड्या, उतारावर रचलेल्या ताली, त्यात ऑलिव्हची झाडं. पहिल्याच भटकंतीत शहादेह त्यांच्या आजोबांच्या नात्यातल्या अबू अमीनची गोष्ट सांगतात. अबू अमीन पाथरवट. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन तो टेकडीवर गेला आणि दोघांनी मिळून दगडाची राखणीची खोपी बांधली. तिथेच एका दगडातून त्याने स्वतःला बसायला आरामखुर्ची घडवली. पुष्कळ वर्षांनी शहादेह हिंडत असताना ती खुर्ची त्यांना सापडली, आणि ते तिच्यावर बसले. ती खुर्ची पीकपाहणीच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

शहादेह यांचा जन्म १९५१ चा, रामल्लातला. लंडनमध्ये कायदा शिकून ते परत आले आणि वडिलांच्याच ऑफिसात वकिली करू लागले. १९७९ मध्ये जोनाथन कुत्ताब आणि चार्ल्स शम्मास यांच्याबरोबर त्यांनी अल-हक ही संस्था काढली. काम नोंदी ठेवण्याचं: कोणता लष्करी हुकूम कधी निघाला, कोणाचं घर पाडलं, कोणाला विनाचौकशी डांबलं. हुकूम शेकड्यांनी निघत आणि सामान्य माणसाच्या हाती ते लागणंही मुश्कील असे. तीन वर्षांनी 'द थर्ड वे' नावाचं त्यांचं रोजनिशीवजा पुस्तक आलं. मुकाट शरण जायचं नाही, आंधळा द्वेष करायचा नाही. आपल्या जागेवर टिकून राहायचं. पॅलेस्टिनी लोक याला सुमूद म्हणतात. ते वाचताना मला साधुसंतांसारखा माणूस दिसला नाही. सकाळी उठून कोर्टात जाणारा, संध्याकाळी चिडून घरी येणारा, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज लिहिणारा वकील दिसला. म्हणूनच तो मला जवळचा वाटतो.

पण माझं मन गुंतलं आहे ते त्यांच्या वडिलांत.

अझीझ शहादेह समुद्रकाठच्या जाफा शहरातले नावाजलेले वकील. १९४८ च्या लढाईत, एप्रिलअखेर, कुटुंब रामल्लाच्या उन्हाळी घरी आलं, दोनेक आठवड्यांत परत जाऊ अशा हिशेबाने. परतणं झालंच नाही, जाफा इस्रायलमध्ये गेलं. रात्री क्षितिजावर समुद्राकडचे दिवे दिसत आणि घरातली माणसं ते जाफाचे म्हणून बघत बसत. १९६७ नंतर सीमा उघडल्यावर अझीझ तिकडे जाऊन आले तेव्हा कळलं की ते दिवे तेल अवीवचे होते. जाफा अंधारातच होतं. एकोणीस वर्षं दुसऱ्याच शहराकडे पाहत काढलेली माणसं! हा परिच्छेद वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

अझीझ मात्र दिव्यांकडे बघत बसणारे नव्हते. इस्रायलच्या हुकमाने निर्वासितांची बँकखाती गोठली होती. त्यांनी बार्कलेज बँकेवर जॉर्डनच्या कोर्टात दावा लावला आणि जिंकला. १९४९ मध्ये निर्वासितांचे प्रतिनिधी म्हणून ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, इस्रायल आणि अरब देशांच्या वाटाघाटींना गेले. तिथे ना इस्रायलने त्यांना दाद दिली, ना अरब सरकारांनी. पुढे जॉर्डनने त्यांना वाळवंटातल्या अल-जफर तुरुंगात टाकलं. आणि १९६७ चं युद्ध संपून काही दिवस झाले नाहीत तोच त्यांनी लेखी योजना मांडली: इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टिनी राज्य, दोघांची एकमेकांना मान्यता, वाटाघाटी ताबडतोब. इस्रायली नेत्यांनी ती बासनात गुंडाळली. अरब रेडिओवरून त्यांना देशद्रोही म्हणून शिव्या आणि धमक्या मिळाल्या. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेने दोन राज्यांची वाट मान्य केली ती १९८८ मध्ये. तोवर अझीझ हयात नव्हते. २ डिसेंबर १९८५ ला रामल्लातल्या त्यांच्या घराबाहेर त्यांना भोसकून मारलं. तपास इस्रायली पोलिसांकडे होता. कोणालाही शिक्षा झाली नाही.

वडिलांचं आणि मुलाचं कधी जमलं नाही. मुलाला वाटे, माझ्या मानवी हक्कांच्या कामाकडे हे बघतसुद्धा नाहीत. वडिलांना वाटे, राजकीय तोडगा निघाल्याशिवाय या अहवालांनी काय होणार? त्यांच्या खटल्यांच्या फायली नीट लावून ठेवलेल्या होत्या. त्या उघडायला मुलाला कित्येक वर्षं लागली. उघडल्या तेव्हा दिसलं की आपण जी लढाई नव्याने सुरू केली असं समजत होतो, ती ह्या माणसाने तीस वर्षं आधी एकट्याने लढवली होती. त्यावरचं त्यांचं पुस्तक २०२२ मध्ये आलं. 'आपण मित्र होऊ शकलो असतो' अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. ऑफिस एकच, अशीलही कधी कधी तेच, आणि दोघांमध्ये हे अंतर. वकिलांच्या घरांत असं बापलेकाचं अबोलेपण मी पाहिलं आहे. म्हणून त्या नावाने मला चटका लावला.

शांततेचा पुरस्कर्ता म्हटलं की गोड बोलणारा, पडतं घेणारा माणूस अपेक्षित असतो, विशेषतः तो दुबळ्या बाजूचा असेल तर. शहादेह तसे नाहीत आणि ते मला योग्य वाटतं. १९९१ च्या सुमारास इस्रायलशी झालेल्या वॉशिंग्टनच्या वाटाघाटींत ते पॅलेस्टिनी शिष्टमंडळाचे कायदेसल्लागार होते, मग निराश होऊन बाहेर पडले. इस्रायल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो कराराचा जगभर जल्लोष चालला असताना त्यांनी उघड विरोध केला. वसाहतींसाठी बांधलेली कायद्याची चौकट तशीच ठेवून शांतता कुठून येणार, हा त्यांचा सवाल. १९९५ च्या दुसऱ्या करारानंतर वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग 'सी' विभाग म्हणून पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात राहिला. तो आजही तसाच आहे.

शेवटच्या भटकंतीत ओढ्याकाठी त्यांना एक वसाहतवाला तरुण भेटतो, हुक्का घेऊन बसलेला, जवळ बंदूक. प्रकरणाच्या नावातच ही भेट कल्पित असल्याचं सुचवलंय. दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. तो म्हणतो, मी इथलाच, या टेकड्या मलाही प्रिय आहेत. शहादेह जमिनीच्या व्यवहाराचा मुद्दा सोडत नाहीत. शेवटी दोघं एकाच हुक्क्याचा धूर ओढतात. ते प्रेम खरं आहे हे त्यांनी मान्य केलंय, दाव्यातली एक ओळही मागे न घेता. मला हे फार मोठं वाटलं. दुसऱ्या बाजूचा वकील चांगला माणूस असतो, म्हणून आपण दावा काढून घेत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये इस्रायलने अल-हकला दहशतवादी संघटना ठरवलं. पुढच्या जुलैत नऊ युरोपीय देशांनी सांगितलं की तसं मानण्याजोगा पुरावा आम्हाला दाखवलेला नाही. तरी ऑगस्टमध्ये सैनिकांनी रामल्लातल्या ऑफिसवर छापा घातला, दार बंद करून टाकलं. चार दशकं तारखा, हुकूम आणि नावं लिहून ठेवणाऱ्या माणसांचं हे ऑफिस. संतापाने माझी झोप उडाली आहे. संस्थेच्या लोकांनी काम थांबवलं नाही. शहादेह रामल्ला सोडून गेले नाहीत आणि त्यांचं लिहिणं चालूच राहिलं.