धारेवर दोघं: एक अर्धी चढाई, एक पूर्ण

गेल्या मोसमात आम्ही नवरा-बायको एकाच धारेवर दोनदा गेलो. पहिल्या खेपेला शेवटची पिच (दोराच्या एका टप्प्यात चढायचा कातळ) राहिली, दुसऱ्या खेपेला माथा गाठला. सांगण्यासारखं जास्त पहिल्या खेपेतच आहे. दोघांनीच दोर बांधून निघायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना यातलं काही नक्की उपयोगी पडेल.

धार पाच पिचची. प्रत्येक पिच ३० मीटरच्या आतली, हे मुद्दाम बघून घेतलं होतं. आमच्याकडे ६० मीटरचा एकच दोर. तो दुहेरी करून रॅपल करायचं, म्हणजे दोरावरून उतरायचं, तर एका वेळी ३० मीटरच उतरता येतं. त्याहून लांब पिच असती तर अर्ध्यातून माघारी फिरणं अवघड झालं असतं.

कातळाच्या पायथ्यापर्यंत सहा किलोमीटर चाल आणि ९०० मीटर चढ. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब अजून कामाला येतो: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. त्याप्रमाणे आम्हाला पावणेतीन तास लागायला हवे होते, लागले पावणेचार. पाठीवर दोर, हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे), कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या), आणि वरचा अर्धा तास नुसता घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार. आता पाठीवर सामान असलं की आम्ही सरळ दीडपट वेळ धरतो. घसाऱ्यात एकामागोमाग सरळ रेषेत चढू नका. पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याकडेच येतो. आम्ही हेल्मेट कातळाशी पोचल्यावर नाही, घसारा सुरू होण्याआधीच चढवतो.

जोडप्यांनी सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे वजनातला फरक. नवरा ७८ किलोचा, मी ५४. या धारेआधी सरावाच्या छोट्या कातळावर तो लीड करताना, म्हणजे दोर घेऊन पुढे चढताना, घसरला. बिले मी देत होते, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळत होते. दोर ताणला गेला आणि मी जमिनीवरून उचलले जाऊन दीडेक मीटर वर गेले, खांदा कातळावर आपटला. दोर हातातून सुटला नाही, कारण डावा-उजवा हात कुठे ठेवायचा याचा सराव पक्का होता. पण त्या दिवशी कळलं की नुसता विश्वास असून भागत नाही. तेव्हापासून तो लीड करत असेल तर मी खालच्या अँकरला (कातळात पक्का केलेल्या आधाराला) स्वतःला बांधून घेते. शक्य तिथे लीड मीच करते.

धारेवर वारा असतो, आवाज पोचत नाही. आमचा नियम साधा आहे: वरच्याने सगळा ढिला दोर खेचून घेतल्याशिवाय खालच्याने बिले सोडायचा नाही. दोर ताणला जाऊन आपल्या हार्नेसपाशी थांबला, मग पुन्हा थोडा थोडा वर सरकू लागला, की चढायला लागायचं. हे खाली, शांतपणे, एकमेकांकडून म्हणवून घ्यावं. वर गेल्यावर ठरवायला सुचत नाही.

दुसरी गोष्टही खालीच ठरली होती. एक वाजला की, कुठेही असलो तरी, परत फिरायचं. आणि त्याआधी दोघांपैकी कुणीही ‘उतरूया’ म्हटलं, तर कातळावर कारण विचारायचं नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी आम्ही चौथ्या पिचच्या वर होतो. पाचवीचं लीड माझं होतं, गियर कमरेला अडकवून झालं होतं. समोरच्या रांगेवर वीज चमकली. नवऱ्याने मोठ्याने मोजलं. पंचविसाव्या सेकंदाला गडगडाट आला. आवाजाला किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज आठ किलोमीटरवर. तो म्हणाला, “उतरूया.” मला फार वाईट वाटलं, पाचव्या पिचची, जिच्यात हात घालून वर चढायचं ती फट हाताच्या अंतरावर दिसत होती. पण मी गियर सोडायला घेतलं. धारेवर विजेच्या तोंडी आपणच सगळ्यात उंच असतो.

उतरताना घाई झाली की चुका होतात, म्हणून इथे आम्ही मुद्दाम संथ झालो. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी, म्हणजे टोक संपलं तरी डिसेंडरमधून (उतरताना दोर ज्यातून जातो त्या साधनातून) दोर निसटत नाही. त्याच्या खाली प्रुसिकची गाठ. कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली ही गाठ हात सुटला तर दोराला घट्ट धरते. पहिला खाली पोचला की दुसरा वर असतानाच दोर थोडा ओढून बघायचा. अडकत असेल तर वरच्याला तिथेच सोडवता येतो. नवऱ्याची बोटं गारठून गाठ जमेना तेव्हा त्याने ती तीनदा सोडून पुन्हा बांधली, आणि तेवढा वेळ दुसऱ्या हाताने माझ्या हार्नेसचं बकल धरून ठेवलं होतं. एवढ्या चढात हवा सहा अंशांनी तरी थंड होते, वर वारा. हातमोजे सॅकच्या तळाशी ठेवू नका.

पायवाटेला लागलो तेव्हा अंधारलं होतं. हेडलँप दोघांकडे वेगळा हवा, दोघांत एक चालणार नाही. मदतीची आंतरराष्ट्रीय खूणही दोघांना पाठ हवी: मिनिटात सहा वेळा प्रकाश किंवा शिटी, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीनदा येतं.

महिन्याभराने पुन्हा गेलो, या खेपेला पहाटे तीनला निघून. चौथ्या पिचच्या वर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते, आभाळ स्वच्छ. पाचवी पिच दिसते तितकी अवघड नाही. फटीत मूठ घट्ट बसते, डाव्या पायाला चांगली खाच आहे. मधेच एक जागा आहे तिथे दृष्टिभय, म्हणजे खालची खोली बघून वाटणारी भीती, जाणवतं. तिथे खाली न बघता पुढचा होल्ड शोधावा. वर अँकर लावला, ढिला दोर खेचून घेतला आणि हाताला नवऱ्याचं वजन लागलं. पुढची दहा मिनिटं मला फक्त दोर दिसत होता. मग कड्याच्या काठावर त्याचं लाल हेल्मेट आलं.

माथ्यावर वीसच मिनिटं थांबलो. उतरायला पाच रॅपल होते.