तुम्ही विचारलंत म्हणून : पुणे-सासवड-नारायणपूर, सायकलवर

प्रश्न साधारण असा येतो : पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळच्या आत परत यायचंय, रस्ता बघण्यासारखा हवा, वाटेत इतिहास हवा, आणि रोड बाईकला (बारीक टायरच्या सायकलला) झेपेल असं डांबर हवं. कुठला रस्ता धरू?

माझं उत्तर ठरलेलं आहे. स्वारगेट, कोंढवा, बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, चिव्हेवाडीचा घाट, कापूरहोळ आणि जुन्या कात्रज घाटाने परत. सगळं मिळून साधारण ९५ किलोमीटर. मात्र याच दिशेने. उलट फिरलात तर सकाळचे ताजे पाय हायवेवर खर्ची पडतात आणि दमल्यावर, उजेड कमी होत असताना बोपदेव उतरून थेट कोंढव्याच्या गर्दीत शिरावं लागतं.

दिवेघाटाने का नाही, असंही विचारतात. चढ सौम्य आहे, वरून मस्तानी तलाव दिसतो, ज्ञानेश्वर माउलींची पालखी त्याच घाटाने सासवडला चढते. सगळं खरं. पण ट्रक आणि डंपरांची रांग तिथे सुटत नाही, आणि चढावर ताशी आठ-दहाच्या वेगाने जाणाऱ्या सायकलला मागून येणाऱ्या डंपरचा धाक फार असतो. बोपदेव उभा आहे, पण अवजड वाहनं त्यामानाने कमी. आषाढी वारीच्या दिवसांत मात्र या बाजूला सायकल नकोच. रस्ते वारकऱ्यांचे असतात आणि तसेच असावेत.

बोपदेवचा चढ जेमतेम चार किलोमीटरचा, पण मध्ये मध्ये असे तुकडे येतात की चुकीचा गिअर असेल तर उतरून ढकलत न्यावी लागते. इथेच बहुतेकांचं बिघडतं, म्हणून थोडा हिशेब मांडतो. पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्यांची जोडी (चढाला ३४ ची वापरायची) आणि मागे सर्वांत मोठी चकती २८ दातांची असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर सरकते. ताशी ८ किलोमीटरने चढायचं तर मिनिटाला ५२ फेरे होतात. हे गुडघ्यांनी ढकलणं झालं. मागे ३४ दात असतील तर त्याच वेगाला ६३ फेरे पडतात आणि श्वास लयीत राहतो. नवख्यांनी मागे ३२ किंवा ३४ चीच कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावावी. फक्त कॅसेट बदलून भागत नाही. आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला) ३४ झेपत नाही, आणि साखळी जुन्याच लांबीची ठेवली तर पुढची मोठी आणि मागची मोठी चकती अशा जोडीवर ती ताणून डिरेलरच उखडते. बदलल्यावर मागच्या डिरेलरचा ‘एल’ खुणेचा स्क्रू तपासून घ्या. तो सैल राहिला तर पहिल्याच उभ्या चढावर साखळी चकतीपलीकडे उडी मारून स्पोकमध्ये शिरते. आणि गिअर चढ लागण्याआधी टाका. पाय पूर्ण जोरात असताना टाकलात तर साखळी कडकड करते, कधी उतरते, कधी तुटते.

थंडीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. स्वारगेटहून सहाला निघा, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी उजाडलेलं असतं. अंधारात बोपदेव चढू नका आणि एकट्याने तर नाहीच. शहरातून बाहेर पडेपर्यंत मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवा.

घाटमाथ्यावर आलात की हवाच बदलते. बोपगाव, भिवरी, चांबळी, हिवरे अशी गावं येत जातात आणि रस्ता सासवडकडे हलका उतरता असतो. हा पर्जन्यछायेचा, कमी पावसाचा पट्टा. अंजीर आणि सीताफळ इथलं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंजिराचा मीठा बहार नावाचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. हंगामात पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून पाव किलो घ्या. जर्सीच्या मागच्या खिशात मात्र ठेवू नका, लगदा होतो.

सासवडला पोहे-चहा करा आणि मग कऱ्हा आणि चांबळी नद्यांच्या संगमावरचं संगमेश्वर बघा. संत सोपानदेवांची समाधी आणि पेशवाईचा पाया घालणाऱ्या बाळाजी विश्वनाथांची समाधीही गावातच आहे. १७२० मध्ये ते सासवडलाच वारले. संगमेश्वरच्या दगडी पायऱ्यांवर क्लीटचे (तळाला पॅडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) बूट घालून चढू नका. तीन स्क्रूंचं प्लास्टिकचं क्लीट गुळगुळीत दगडावर बर्फावरच्यासारखं सटकतं, आणि चालून झिजलं की पॅडलमध्ये नीट बसत नाही. क्लीटची रबरी टोपणं किंवा पातळ चप्पल बरोबर असू द्या.

सासवड सोडून नारायणपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर कऱ्हेकाठी चांगवटेश्वर आहे. तिथे दहा मिनिटं थांबा, पण या रस्त्याचं खरं दान पुढे आहे. डाव्या हाताला दोन डोंगर दिसू लागतात, डावीकडचा वज्रगड, उजवीकडचा पुरंदर, मधली ती भैरवखिंड. १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड का घेतला, हे पुस्तकात वाचून उमगत नाही, इथे सायकल थांबवून बघितलं की उमगतं. वज्रगडावर तोफ चढली की पुरंदरची माची तिच्या टप्प्यात येते. एप्रिलमध्ये वज्रगड पडला, माचीच्या लढाईत मुरारबाजी देशपांडे पडले, आणि जूनमध्ये शिवाजी महाराजांना मिर्झाराजे जयसिंगांशी तह करून २३ किल्ले द्यावे लागले. त्याच पुरंदरवर १४ मे १६५७ ला संभाजी महाराजांचा जन्म झालेला. मोटारीतून हे डोंगर दोन मिनिटांत मागे पडतात. सायकलवर ते अर्धा-पाऊण तास सोबत असतात आणि वळणागणिक खिंड उघडत-मिटत राहते.

जून ते ऑगस्टमध्ये हाच टप्पा छळतो. रस्ता नैऋत्येला जातो आणि पावसाळी वारा तिकडूनच येतो, आडोसा काही नाही. वेगाचा नाद सोडून हलक्या गिअरवर चला. गटात असाल तर दोन-दोन मिनिटांनी पुढे राहून वारा झेलणारा बदला.

नारायणपूरला यादवकालीन नारायणेश्वराचं मंदिर आहे, त्याच्या दाराच्या चौकटीवरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघा. शेजारी दत्तमंदिरामुळे पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला प्रचंड गर्दी असते, ते दिवस टाळा. गडावर जावं का? वर जाणारा रस्ता आणखी सात-आठ किलोमीटर सलग चढाचा. गड लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत, वेळाही ठरलेल्या असतात, आदल्या दिवशी विचारून घ्या. माझं स्पष्ट मत : पहिल्या खेपेला गड ठेवा बाजूला. गड करायचा तर तोच दिवस त्याला द्या आणि आल्या वाटेने बोपदेवनेच, उजेड आहे तोवर परता.

चिव्हेवाडीच्या उतारावर हात खालच्या दांडीवर, वजन मागे, ब्रेक वळणाच्या आधी. वळणात पसरलेली खडी असते, तिच्यावर ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं. टायर २८ मिमीचे असतील आणि वजन ७० किलोच्या आसपास असेल, तर टायरमध्ये ७५ ते ८० पीएसआय हवा पुरे. शंभर भरून आलात तर उखडलेल्या तुकड्यांवर मनगटं सुन्न होतात.

पंक्चर होतं ते बहुधा बाभळीच्या काट्याने. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते. दोन ट्यूब, टायर काढायची लिव्हर, पंप आणि प्रेस्टा व्हॉल्व्हचा पितळी अडॅप्टर बरोबर हवा, कारण पंक्चरवाल्याचं नळकांडं त्या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही. पाणी ७५० मिलीच्या दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर, आणि सासवड व नारायणपूर दोन्हीकडे भरून घ्या. भूक लागायची वाट बघू नका, दर पाऊण तासाला एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू.

केतकावळे मागे टाकून कापूरहोळला हायवे लागतो. पाय उरले असतील तर नसरापूरचं बनेश्वर जरूर करा. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं हे मंदिर, आणि तिथे १६८३ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे. हायवेवर डाव्या कडेच्या पट्टीत राहा. सर्व्हिस रोडला समोरून उलट्या येणाऱ्या दुचाक्या गृहीत धरा. शिंदेवाडीला नव्या बोगद्याकडे न जाता जुना कात्रज घाट धरा. दिवसातला हा शेवटचा चढ. जुन्या बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढा आणि दोन्ही दिवे लावा. उन्हातून आत गेल्यावर काही क्षण डोळ्यांना खड्डे दिसतच नाहीत.