धुराड्यावरची ताडपत्री

धुळ्यात गॅसच्या शेगड्या आणि गिझर दुरुस्त करण्यात माझी एकवीस वर्षं गेली. त्या जानेवारीत शिरपूरकडच्या एका मळ्यातून फोन आला. "भाऊ, हॉलमधल्या शेकोटीने भिंत काळी होतेय, जरा बर्नर साफ करून द्या." हॉलमध्ये शेकोटी कशी, हे मला तिथे पोहोचेपर्यंत कळलं नव्हतं.

थंडी कडाक्याची होती. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो आणि जानेवारीत कधी कधी पाच-सहा अंशांवर येतो. चरका बसू नये म्हणून केळीच्या बांधांवर लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या आणि रस्त्यावर धूर उतरला होता.

बंगला नवा होता. घरातला मुलगा काही वर्षं परदेशात राहून आलेला, तिथली सजावटीची गॅसची शेकोटी त्याने इथे बसवून घेतली होती. लोखंडी खोक्यात चिनी मातीचे ओंडके, अगदी बाभळीच्या लाकडासारखे, आणि त्यांच्यामधून निघणाऱ्या लांब पिवळ्या ज्योती. सुंदर दिसत होतं, यात शंका नाही. पण शेगडीवाल्याला पिवळी ज्योत दिसली की त्याचं मन आधी शंकेने भरतं. निळ्या ज्योतीत गॅस पूर्ण जळतो. या शेकोटीत शोभेसाठी तो मुद्दामच अर्धवट जळू देतात, म्हणून तिला चांगलं ओढणारं धुराडं लागतंच. त्यातही हे ओंडके ठरलेल्या जागीच ठेवावे लागतात. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ते काढून कसेही रचले होते. ज्योत थेट ओंडक्यावर आपटत होती. बोट फिरवलं तर काजळी मऊ लोण्यासारखी बोटाला आली.

शेजारच्या खुर्चीत त्या मुलाची आजी शाल पांघरून बसली होती. घरात सगळे तिला माय म्हणत. ती म्हणाली, "भाऊ, आठे बसनू का मन्हं डोकं दुखस. भाईर ओटावर गऊ का बरं वाटस." आदल्या रात्री तिला उलटीही झाली होती. घरच्यांनी पित्त समजून सोडून दिलं होतं.

माझ्या पोटात गोळा आला. देवघरातून अगरबत्ती मागवली, पेटवली आणि शेकोटीच्या तोंडाच्या वरच्या कडेशी धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो उलटा फिरून माझ्या तोंडावर आला. मी गॅस बंद केला, खिडक्या-दारं सताड उघडली आणि मायला ओट्यावर नेऊन बसवलं.

मुलाने तत्परतेने ऑक्सिमीटर आणून तिच्या बोटाला लावला. कोरोनापासून तो घरोघरी आहे. आकडा ९८. "बघा, ऑक्सिजन बरोबर आहे." इथेच माणूस फसतो. अर्धवट जळलेल्या गॅसमधून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या साध्या यंत्राला असं रक्त ऑक्सिजनने भरलेलंच दिसतं. हे मला एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, "दादा, आकडा राहू द्या. मायला आत्ता गाडीत घाला आणि डॉक्टरांना सांगा, बंद खोलीत गॅसची आग होती." त्याने वाद घातला नाही.

ते गेल्यावर मी गच्चीवर चढलो. धुराड्याच्या तोंडावर निळी ताडपत्री होती, सुतळीने पक्की बांधलेली. मुलाच्या वडिलांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. आधी शेकोटीने हॉल गरमच होत नव्हता आणि १४.२ किलोचा सिलिंडर आठवड्यात संपत होता. ऊब वर निघून जाते म्हणून त्यांनी तोंड बांधलं. ते म्हणाले, "मग मस्त गरम व्हायला लागलं."

त्यांचं निरीक्षण खरं होतं. ७ किलोवॉटची शेकोटी तासाला अर्धा किलोच्या वर गॅस खाते. उघड्या धुराड्याची असेल तर शंभर रुपयांच्या गॅसमधून खोलीला वीस-पंचवीस रुपयांची ऊब मिळाली तरी खूप. बाकीची धुराड्यातून जाते, आणि धुराडं खोलीतली गरम हवाही सोबत ओढून नेतं. पण ज्या वाटेने ऊब जाते त्याच वाटेने विषारी वायूही जातो. ती वाट त्यांनी बांधली आणि वर डासांसाठी झरोक्यालाही पत्रा ठोकला होता. सिलिंडर खाली बंद कपाटात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि त्या कपाटाला तळाशी एक भोकही नव्हतं.

मायला ऑक्सिजनचा मास्क लावला होता. रात्री साडेनवाला मुलाचा फोन आला, डोकं उतरलंय, चहा मागतेय. मग त्याने विचारलं, आता काय करू? मी सांगितलं, शोभा हवी असेल तर ओंडके तसेच राहू द्या, आत विजेचा दिवा लावा. ऊब हवी असेल तर आत तेल भरलेला विजेचा हीटर घ्या. आणि गॅसचीच हवी असेल तर समोरून काचेने बंद असलेली, बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारी घ्या. तिची बरीच ऊब खोलीतच राहते.

निघण्याआधी वडिलांना विचारून मी बर्नरचा जेट काढला होता, पुन्हा कुणी पेटवू नये म्हणून. तो अजून माझ्या हत्यारांच्या डबीत आहे. त्यांनी परत मागितलेला नाही.