करूळ घाटातलं धुकं आणि गाडीचे जादा दिवे

पावसाळ्यात कळे, साळवण मागे पडलं की गगनबावड्याकडे धुकं दाटायला लागतं. करूळ किंवा भुईबावडा घाटाच्या तोंडाशी तर कधीकधी बोनेटच्या पुढचं काही दिसत नाही. म्हणून जून लागला की गाड्यांना जादा दिवे बसतात. पण 'जास्त वॅटचा दिवा द्या' एवढंच सांगून बसवलेला दिवा बहुतेक वेळा धुक्यात त्रासच देतो.

फॉग लॅम्प आणि ड्रायव्हिंग लाईट (आपल्याकडे ज्याला सरसकट स्पॉट म्हणतात) यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. धुक्यातला पाण्याचा प्रत्येक थेंब उजेड परत फेकतो. झोत डोळ्यांच्या पातळीवर किंवा वर गेला की तोच उजेड पांढरी भिंत होऊन समोर उभा राहतो. त्यामुळे फॉग लॅम्प खाली, जमिनीपासून साधारण ४० ते ६० सेंटीमीटरवर लागतो. त्याचा झोत रुंद आणि वरून सुरीनं कापल्यासारखा सपाट असावा. त्यात रस्त्याची पांढरी पट्टी आणि साईडपट्टीची कड दिसली, की त्याचं काम झालं. टपावरचा लाईट बार धुक्यात सगळ्यात वाईट, कारण तो थेट तुमच्या नजरेच्या रेषेतलं धुकं उजळतो.

ड्रायव्हिंग लाईट लांब, अरुंद झोताचा आणि फक्त अप्परच्या (हाय बीमच्या) जोडीनं लावायचा. राधानगरीहून दाजीपूरकडे रात्री जाताना तो खरा उपयोगी पडतो. तिथे गवा रस्त्यावर येतो. त्याचं अंग काळं असतं आणि ते उजेड गिळून टाकतं. लांबून दिसतात ते चमकणारे डोळे नाहीतर गुडघ्याखालचे पांढरट पाय. ते शंभर मीटर आधी दिसणं आणि तीस मीटरवर दिसणं यात फार अंतर आहे. धुकं आलं की मात्र हा दिवा बंद, अप्परही बंद. डिपर (लो बीम) आणि फॉग, बास.

पिवळा की पांढरा हा वाद कायमचा आहे. पिवळा उजेड धुकं 'भेदतो' हे खरं नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पण निळसर पांढऱ्या उजेडाची चकाकी डोळ्यांना जास्त टोचते. पिवळ्यात ती कमी वाटते आणि तासभराच्या घाटात डोळे कमी शिणतात. आमचं मत पिवळ्याकडे, ३००० केल्विनच्या आसपास (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप).

विकत घेताना काचेवरची अक्षरं वाचा. गोलात ई आणि आकडा, शेजारी बी किंवा एफ३ असेल तर तो फॉग लॅम्प. एचआर असेल तर हॅलोजन ड्रायव्हिंग लाईट. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब घालू नका. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीचे चिप एक-दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे बसले तरी झोताची वरची कड फाटते आणि समोरच्याच्या डोळ्यांत झोत जातो. एलईडीच हवा असेल तर स्वतःच्या लेन्ससकट अख्खा दिवा घ्या. आणि आधी बंपरच्या मागे हात घालून बघा: खालच्या व्हेरियंटमध्येही कंपनीचा कप्लर (दिव्याची वायर जोडायचा तयार सॉकेट) बऱ्याचदा आलेला असतो. तो असेल तर वायर कापायची गरजच नाही.

नसेल तर रिले (बारीक वायरच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) हवाच. ५५ वॅटचे दोन दिवे ९ ते १० अँपिअर ओढतात. हा भार डॅशबोर्डच्या स्विचमधून नेला की काही दिवसांत स्विचचं प्लॅस्टिक मऊ पडून जळका वास येतो. बॅटरीच्या प्लसपासून १५ सेंटीमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना. ८६ ला स्विचमधून येणारी बारीक वायर, ८५ अर्थला. फॉगसाठी ही बारीक वायर पार्किंग लाईटवरून घ्या. ड्रायव्हिंग लाईटसाठी ती अप्परवरून घ्या, म्हणजे डिपर मारला की जादा दिवे आपोआप विझतात. काही गाड्यांत अप्पर-डिपरचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे ८६ हेडलाईटच्या कॉमन प्लसला आणि ८५ अप्परच्या वायरला जोडावं लागतं, म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघा. नव्या गाड्यांत हेडलाईट कंट्रोल मॉड्यूलवर (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरवर) चालतो. तिथे साधा रिले कडकड वाजत राहिला तर वायरमनला पुढे कापाकापी करू देऊ नका.

वायरच्या जाडीवर पैसे वाचवू नका. ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर जाऊन-येऊन चार मीटर फिरवली तर जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं पडतो. एवढ्यानंही सुमारे पाचवा हिस्सा उजेड कमी होतो. दिवे चालू ठेवून बॅटरीवर आणि दिव्याच्या टोकांवर मीटर लावा. वायर जाड असूनही फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर बहुधा अर्थिंग खराब आहे. बॉडीचा रंग पॉलिश पेपरनं घासून उघडा पत्रा दिसू द्या, दातेरी वॉशर घाला, वायरच्या टोकाचा लग घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. नुसती वायर पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

आता कोन. टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हर सीटवर आणि गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर त्या उंचीला टेप लावा, दुसरी टेप २० सेंटीमीटर खाली. फॉगच्या झोताची वरची कड खालच्या टेपवर बसवा. दिवा ५० सेंटीमीटरवर असेल तर हा झोत २५ मीटरवर रस्त्याला टेकतो. ड्रायव्हिंग लाईटचा सर्वात प्रखर ठिपका वरच्या टेपच्या किंचित खाली, सरळ समोर. कोकणात निघताना मागे तिघं आणि डिकीत सामान असेल तर नाक वर उठतं, तेव्हा त्याच भारानं एकदा तपासा. समोरच्याला आंधळं करणारा झोत केंद्रीय मोटार वाहन नियमांतही बसत नाही, आणि अरुंद वळणावर तो आंधळा झालेला माणूस तुमच्याच अंगावर येतो.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागावर काच जास्त तापून बल्ब लवकर जातो. दिव्याची पाणी निघायची भोकं खाली असू द्या. दिवा उलटा बसवला की ती वर येतात आणि आत तळं साचतं. काचेवर हलकी वाफ धरली आणि दिवा लावल्यावर गेली तर चिंता नाही, थेंब ओघळून तळाशी साचले तर सील गेलं. एलईडीची काच गार राहते, त्यामुळे तांबडा चिखल तिच्यावर वाळून बसतो. घाट उतरण्याआधी गगनबावड्यात थांबून ओल्या फडक्यानं काच पुसा. नवे बोल्ट पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा आणि कोन पुन्हा टेपवर बघा.