सगळं आत, मग माईकच बाहेर का?

कॉक्लिअर इम्प्लांटचा माईक बाहेरच का असतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बहिऱ्या मुलांना ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवतात ते हे यंत्र. असं इम्प्लांट झालेल्या मुलांची यंत्रं लावणं, तपासणं हे माझं बेळगावातलं रोजचं काम. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं येतात आणि मुलगी असली की आजी हमखास विचारते, "मॅडम, एवढं सगळं आत घातलासा, मग माईकच तेवढा भाईर कशाला? उद्या स्थळ बघायला आलं की दिसतंय की ओ."

स्थळांवरून माझं आजींशी पटत नाही, पण प्रश्न रास्त आहे. आत असतो रिसीव्हर आणि कानाच्या अगदी आतल्या शंखात (कॉक्लिआत) सरकवलेली इलेक्ट्रोडची तार. माईक असतो कानामागच्या प्रोसेसरमध्ये. हा प्रोसेसर आवाज पकडतो आणि चुंबकाने डोक्याला चिकटलेल्या कॉइलमधून कातडीपलीकडे पाठवतो. अंघोळीला, झोपताना तो काढायचा. खानापूरच्या पावसात तर जिवापाड जपायचा. काढला की काहीच ऐकू येत नाही. रात्री आई हाक मारते ती पोहोचत नाही. माईक आत जायला हवा तो माझ्या मते यासाठी, लपवायला नव्हे.

बॅटरी आत ठेवून कातडीवरून चार्ज करता येते. घोडं अडलंय ते माईकपाशी. कातडीखाली ठेवला की बाहेरचा आवाज दबतो आणि अंगातला चढतो. भडंग खाताना जबड्याचा कुरकुराट, उशीवर घासणारे केस, स्वतःचंच बोलणं, हे सगळं समोरच्याच्या शब्दांवर येऊन बसतं. मेलबर्नमध्ये तिघांना असं पूर्ण आतलं इम्प्लांट बसवलं होतं. २००८ च्या अहवालात दिसतं की त्यावर ऐकू यायचं, पण बाहेरचा प्रोसेसर लावला की जास्त स्पष्ट.

मग दुसरा विचार: कानाचा पडदा असतोच, त्यालाच माईक करू. पडद्याच्या मध्यावर, हातोडीच्या हाडाचं टोक चिकटतं त्या जागेला अम्बो म्हणतात. एमआयटी, हार्वर्ड आणि कोलंबियाच्या लोकांनी २०२४ मध्ये त्याला आतून टेकणारा जेमतेम ३ मिलिमीटरचा तुकडा दाखवला. त्यात पीव्हीडीएफ नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म आहे. ती वाकली की वीज तयार होते. दोन थर अशा बेताने जोडलेत की आवाजाचे सिग्नल एकमेकांत मिळतात आणि बाहेरून शिरलेली विद्युत खरखर वजा होते. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या एका वडिलांना मी म्हटलं, तुम्ही मायक्रॉन सांभाळता ना, साध्या बोलण्याने अम्बो हलतो तो त्याच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. त्यांना लगेच कळलं. ती चाचणी मात्र मृतदेहांच्या कानांवरची होती.

एस्टीम नावाचं पूर्ण आतलं श्रवणयंत्र अमेरिकेत २०१० मध्येच मंजूर झालं. तेही कानातल्या हाडांचं कंपन घेतं, पण ते कॉक्लिअर इम्प्लांट नव्हे. शंख बऱ्यापैकी चालू असलेल्यांसाठी आहे.

मला स्वतःला धास्ती वाटते ती टिकण्याची. बाहेरच्या माईकवर घाम-धूळ बसली की मी जाळी बदलते, दोन मिनिटांत पोरगं हसतं. आतला बिघडला की परत भूल, परत टाके. शरीर म्हणजे कोमट खारं पाणी. त्यात इतका नाजूक तुकडा वर्षानुवर्षं कोरडा राहायला हवा. शिवाय पडदा आणि हाडं धड हवीत. आमच्याकडे कान वाहणारी पोरं किती असतात! त्यांना हा मार्ग अवघडच.

"मग थांबू काय?" हा पुढचा प्रश्न. दीड वर्षाच्या जन्मतः बहिऱ्या मुलासाठी माझं उत्तर ठाम 'नाही' असतं. या वयात मेंदूला आवाज मिळाला नाही तर बोलणं मागे पडतं, आणि ते नंतर भरून काढणं फार जड जातं. बाहेरचा प्रोसेसर पुढे बदलता येतो. आतलं तेच ठेवून नवा लावलेली मुलं माझ्याकडे येतात.