झडप मोकळी झाली, ढकलणारं मात्र कोणी नाही

अकॅलेशिया म्हणजे अन्ननलिकेच्या तळाची झडप नीट न उघडल्याने गिळलेलं अडकून राहण्याचा आजार. त्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्याचा पहिला घोट न अडकता खाली उतरतो, तेव्हा पेशंटइतकाच घरच्यांचाही जीव भांड्यात पडतो. त्या आनंदात एक गैरसमज मात्र हमखास होतो: आजार गेला, आता पूर्वीसारखं जेवायचं. आजार गेलेला नसतो. हे सुरुवातीलाच नीट समजलं तर पुढचे सहा आठवडे खूप सोपे जातात.

अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांबीची असते. घास गिळला की तिच्या भिंतीत वरून खाली एक लाट जाते आणि ती पोचेपर्यंत तळाची झडप सैल होते. अकॅलेशियात या कामाच्या मज्जापेशी नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे झडप आवळलेलीच राहते आणि लाटही हरवते. शस्त्रक्रिया फक्त झडपेचं बघते. हेलर मायोटॉमी (अर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जननी ती १९१३ साली पहिल्यांदा केली) आता दुर्बिणीने होते. तिच्यात अन्ननलिकेचा साधारण ६ आणि जठराचा २ ते ३ सेंटीमीटर स्नायू उभा कापतात, आतलं अस्तर तसंच ठेवतात आणि ॲसिड वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग त्या जागेवर पांघरल्यासारखा शिवतात. दुसरी पद्धत पोएम, तिच्यात पोटावर एकही छेद नसतो. एंडोस्कोप तोंडातून आत घालून अस्तराला लहानशी चीर देतात, अस्तराखाली बोगदा करून आतूनच स्नायू कापतात आणि चीर क्लिपांनी बंद करतात. जपानमध्ये हारुहिरो इनोए यांनी २००८ साली ही पद्धत माणसांवर सुरू केली. दोन्हींत दार उघडतं, पण ढकलणारी लाट बहुतेकांत परत येत नाही. यापुढे घास उतरणार तो स्वतःच्या वजनाने आणि मागून घेतलेल्या पाण्याने.

बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी औषध पाजून एक्स-रे काढतात आणि कुठे गळती नाही ना ते बघून मगच पाणी सुरू करतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा ठणकतो, विशेषतः बसल्यावर. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे छाती-पोटामधला पडदा चिडतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. थोडं चालत राहिलं की दोन-तीन दिवसांत ती जाते. मळमळ मात्र अंगावर काढू नका. जोरात उमासे आले की ताज्या टाक्यांवर ताण येतो, म्हणून मळमळ वाटताच औषध मागून घ्या. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता झाली तर कुंथण्याचाही ताण पडतो, त्यावरही वेळीच इलाज हवा. चार ते सहा आठवडे ५ किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही.

घरी आल्यावर ताप, वाढत जाणारं छातीत दुखणं, धाप, विश्रांतीतही धडधडणारी नाडी यांपैकी काहीही जाणवलं तर सकाळची वाट बघू नका. मानेच्या खालच्या भागावर बोट दाबून बघा. कातडीखाली बारीक चरचर लागली, कोरड्या बर्फावर पाय पडावा तशी, तर तिथे हवा शिरलेली आहे. पोएमनंतर हॉस्पिटलमध्ये असताना ती थोडी आढळते आणि आपोआप जिरते. घरी नव्याने लागली तर मात्र अस्तराला भोक पडलेलं असू शकतं. काही खाऊपिऊ नका, थेट इमर्जन्सीत जा.

आहाराचा तक्ता प्रत्येक सर्जनचा वेगळा असतो आणि तुमच्या सर्जनचाच पाळायचा. साधारण क्रम असा: काही दिवस पातळ द्रव, मग मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत, मग काट्याने सहज दबेल असं मऊ, आणि चौथ्या आठवड्याच्या आसपास हळूहळू नेहमीचं. सर्वांत जास्त घोटाळा पहिल्या आठवड्यात होतो. चौथ्या दिवशी सगळं छान उतरतंय म्हणून कोणी ब्रेडचा तुकडा खाऊन बघतं. ब्रेड लाळेत भिजून चिकट गोळा होतो, मांसाचे तंतू चावूनही लांबच राहतात, आणि कापलेल्या जागेची सूज अजून उतरलेली नसते. म्हणून हे दोन पदार्थ सगळ्यांत शेवटी. सुजेमुळे मधल्या काही दिवसांत सुरुवातीपेक्षा थोडं घट्टही वाटू शकतं. घाबरू नका, एक पायरी मागे जा. पाणीसुद्धा उतरेनासं झालं तर मात्र लगेच फोन करा.

गोळ्यांचं आधी विचारून घ्या. साध्या गोळ्या कुटून चालतात, पण हळूहळू विरघळणाऱ्या किंवा ॲसिडपासून वाचवणारं आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. त्यांच्याऐवजी सिरप मिळतं का ते फार्मासिस्टला विचारा.

आता जेवायला कसं बसायचं. पाठ ताठ, पोटाला दाब नाही, बाजूला कोमट पाण्याचा ग्लास. चहाच्या चमच्यात मावेल एवढाच घास. तो पार लगदा होईपर्यंत चावायचा, गिळायचा आणि चमचा खाली ठेवायचा. खाली गेल्याची जाणीव झाली की एक घोट पाणी, मगच पुढचा घास. या आजारात जेवताना पाणी पिऊ नये हा सल्ला उपयोगाचा नाही, कारण लाटेचं काम आता पाणीच करतं. घास अडकल्यासारखा वाटला तर पुढचा घास टाकून त्याला ढकलायचा नाही. उभं राहायचं, चार पावलं चालायचं, कोमट पाण्याचे लहान लहान घोट घ्यायचे. जेवण संपल्यावर अर्धा-एक ग्लास पाणी प्यायलं की नलिकेत चिकटलेलं धुऊन निघतं. स्ट्रॉ टाळा, त्याने हवा गिळली जाते. फसफसणारी पेयंही नकोत: पांघरलेल्या जठरातून ढेकर सहज वर येत नाही आणि पोट ढोलासारखं फुगतं.

शेवटचं खाणं झोपण्याआधी निदान तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे ठोकळे ठेवा. उशांवर उशा रचणं उलट वाईट, कारण शरीर कमरेत वाकतं आणि जठर दाबलं जातं. रात्री ठसक्याने जाग येत असेल किंवा सकाळी उशीवर डाग दिसत असतील तर काहीतरी वर येतंय. डॉक्टरांना सांगा, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते ॲसिडकडे. झडप कायमची सैल केलेली असते. पोएममध्ये वरून पांघरूणही नसतं, त्यामुळे ॲसिड वर येण्याचं प्रमाण हेलरपेक्षा जास्त. अनेकांना जळजळ अजिबात जाणवत नाही आणि आत मात्र नलिका सोलवटत असते. म्हणून 'मला काही त्रास नाही' म्हणून ॲसिडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवल्यावर नाही. ती थांबवायची का, हे एंडोस्कोपी किंवा पीएच तपासणी (नलिकेत ॲसिड किती वर येतं ते मोजणारी) बघून ठरू द्या.

छातीत मधूनच येणारी आवळल्यासारखी कळ चांगल्या ऑपरेशननंतरही काहींना येत राहते, विशेषतः टाइप ३ मध्ये, म्हणजे नलिका मधूनच आकडणाऱ्या प्रकारात. बऱ्याच जणांना कोमट पाण्याने ती सुटते. पहिल्यांदा आली तर हृदयाची तपासणी आधी, तर्क नंतर.

फॉलोअपला एकार्ट स्कोअर काढतात: गिळायला अडणं, खाल्लेलं वर येणं, छातीत दुखणं आणि वजन घटणं, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा कमी असेल तर ऑपरेशन चाललं असं धरतात. पण माझा जास्त भरवसा बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव) पाजून, वेळ लावून काढलेल्या एक्स-रेवर आहे. उभ्याने बेरियम पिऊन १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो काढतात आणि नलिकेत किती उंचीचा स्तंभ उरला ते मोजतात. वर्षानुवर्षं ताणलेल्या नलिकेला तुंबल्याची जाणीव उशिरा होते, एक्स-रेत ते आधी दिसतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असा एक फोटो काढून जपून ठेवा, पुढे तुलनेला तोच लागतो. घरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वजन लिहून ठेवा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी अडणं परत आलं तर त्यात पेशंटची चूक नसते. जठराच्या बाजूचा काप अपुरा राहिलेला असतो, किंवा व्रण आवळतो, किंवा पांघरूण घट्ट बसलेलं असतं. बहुतेकदा फुग्याने ताणून बघतात, ३० मिलिमीटरपासून सुरू करून गरजेप्रमाणे ३५, मग ४०. हेलर झालेल्यांना पोएमचाही पर्याय असतो. शिवाय हा आजार अनेक वर्षं असलेल्यांत अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि ऑपरेशनने तो पुसला जात नाही. त्यामुळे गिळणं उत्तम चालू असलं तरी पुढची एंडोस्कोपी कधी, हे भेटीत स्वतःहून विचारा.