सांगितलं एकवीस, लिहिलं १२

"एकवीस लिही" म्हटलं की लेकरू पाटीवर १२ काढतं. पाठीत धपाटा घालण्याआधी तो शब्द स्वतः सावकाश म्हणून बघा. एक... वीस. कानावर आधी 'एक' पडतो, म्हणून हात आधी १ काढतो, मग २. लेकरानं जसं ऐकलं तसंच लिहिलं. मराठीत एकक आधी बोलायचं आणि दशक आधी लिहायचं, ही गाठ बहुतेक लेकरं आपोआप सोडवतात, काहींना ती सुटत नाही. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला, किती विनोद फिरले. घरात आकडे उलटे लिहिणारं लेकरू असलेल्यांना त्यात हसण्यासारखं फार काही नव्हतं.

यावर काड्यांचा उपाय चालतो. खराट्याच्या काड्या बोटभर तोडून दहा-दहाच्या जुड्या रबरानं बांधा. दोन जुड्या डावीकडे, एक सुटी काडी उजवीकडे. बसायचं लेकराच्या शेजारी. समोर बसलात तर तुमचं डावं ते त्याचं उजवं होतं आणि केलेली मेहनत पाण्यात जाते. जुड्यांवर तळहात ठेवून 'वीस', काडीवर बोट ठेवून 'एक', मग दोन्ही मिळून 'एकवीस'. लिहितानाही जुड्यांचं घर आधी भरायचं. पहिले पंधरा दिवस फक्त २१ ते २८. २९ मुद्दाम सोडायचा, कारण 'एकोणतीस'मधला 'तीस' कानात बसतो आणि लेकरू ३९ लिहून मोकळं होतं. हे एकोणवाले सगळे नंतर, वेगळे घ्यायचे. तीन जुड्या मांडा, एकीचं रबर सोडा, एक काडी काढून घ्या. एक ऊन तीस. रबर सोडायचं काम लेकराचं, आपलं नाही.

अक्षरांचंही असंच. 'कि' म्हणताना कानावर आधी क येतो, लिहिताना मात्र वेलांटी त्याच्या डावीकडे काढावी लागते. वेलांटी आधीच काढ म्हणून मागे लागू नका. डावीकडे अंगठ्याएवढी जागा सोडून आधी क लिहू द्या, वेलांटी मागून आली तरी चालते. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एका दिवशी कधीच शिकवू नयेत. एक पक्कं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी दुसरं. परातीत पीठ पसरून अक्षर गिरवायचं तर थर इतका पातळ हवा की बोट फिरल्यावर तळ दिसला पाहिजे. जाड थरात रेघ बुजते. आणि ज्या लेकराला चिकट काही हाताला लागलेलं सोसत नाही त्याच्यापुढं पीठ ठेवूच नका, घामेजल्या बोटाला ते चिकटतं. त्याला कोरडा रवा द्या. सहा-सात वर्षांपर्यंत एखादं अक्षर उलटं येणं नेहमीचंच आहे. दुसरी संपत आली तरी तेच चालू असेल तर मग तपासायचं.

हे झालं एका जागी बसणाऱ्या लेकराचं. पण पुष्कळ लेकरं बसतच नाहीत. घरात त्याला हट्ट म्हणतात, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते, आणि शाळेतून 'लक्ष नाही' असा निरोप येतो. पाच ज्ञानेंद्रियांपलीकडे शरीराला आणखी दोन जाणिवा असतात. एक आतल्या कानातली तोलाची, दुसरी स्नायू आणि सांध्यांतून येणारी ताण-दाबाची. यांचा मेळ बसत नसेल तर लेकरू तो मेळ स्वतः घालू बघतं. उड्या मारतं, भिंतीवर आपटतं, गिरक्या घेतं, कॉलर चावतं. अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञानं) १९७० च्या दशकात संवेदनांच्या मेळाचा हा विचार मांडला. त्यावर आजही वाद आहेत आणि थेरपीच्या नावाखाली विकलं जाणारं सगळंच काही सिद्ध झालेलं नाही. व्हिडिओ पाहून लेकराच्या अंगावर ब्रश घासत बसू नये, हे मात्र ठामपणे सांगावंसं वाटतं.

घरात करण्यासारखं काम म्हणजे जोर लावायचं काम, तेही अभ्यासाच्या आधी दहा मिनिटं. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची एकेक बाटली, टाकीपासून कुंड्यांपर्यंत सात-आठ खेपा. नाहीतर पोत्यात तीन-चार किलो ज्वारी घालून ते फरशीवरून ओढायचं. उचलायचं नाही, ओढायचंच. अंगावर घ्यायचं ओझं वजनाच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावं, म्हणजे सोळा किलोच्या लेकराला दीड किलो पुष्कळ झालं. पीठ मळायला द्यायचं तर गव्हाची कणीक घट्ट भिजवून द्या. ज्वारीचं पीठ ताणलं जात नाही, तुटतं, हाताला हवा तो विरोध मिळत नाही. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात हे सगळं सकाळी नऊच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावर.

वाकळीत गुंडाळून लाटणं फिरवल्यासारखं दाबणं बहुतेक लेकरांना आवडतं. डोकं कायम बाहेर, आणि स्वतःहून सुटता येईल इतकंच सैल. रात्री अंगावर जड काही टाकून झोपवू नका.

झोक्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथंच जास्त चुकतं. पुढं-मागं जाणारा सावकाश झोका शांत करतो, गरगर फिरणारा झोका चाळवतो. पीळ देऊन सोडलेल्या झोक्यावरून उतरलेलं लेकरू लगेच पाटीपुढं बसवलं तर ते बसणार नाहीच. उंची लेकराच्या गुडघ्याएवढी, खाली गादी, आणि साडीचा झोका असेल तर माणूस हाताच्या अंतरावर, कारण साडी गळ्याशी आवळली जाऊ शकते. दहा मिनिटं पुरेत. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, जांभया यायला लागल्या की त्याआधीच थांबायला हवं होतं असं समजा. झोक्यानंतर बाटल्यांच्या दोन खेपा, मग पाटी. आणि "अभ्यास नाही केला तर झोका बंद" ही धमकी नको. झोक्याशिवाय ते बसू शकत नाही, म्हणून तर झोका आहे.

बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. बाकावर लोंबकळत असतील तर पायाखाली एक वीट. पेन्सिल बोटभर लांबीचीच द्या, लांब पेन्सिल मुठीत धरली जाते, तुकडा चिमटीतच धरावा लागतो. फार हलकं लिहिणाऱ्याच्या कागदाखाली हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर ठेवा, रेघ हाताला जाणवते.

न्हाऊ घालताना होणारा आरडाओरडा पुष्कळदा पाण्याचा नसतो. डोकं मागं कलतं, तोल गेल्यासारखं वाटतं, त्याची ती भीती असते. ताठ बसवा, हनुवटी छातीकडे, डोळ्यांवर घडी घातलेला कोरडा पंचा त्याच्याच हातानं धरलेला. आधी टॉवेलनं डोकं जरा जोरात दाबून पुसा. हलका, गुदगुल्या केल्यासारखा स्पर्श या लेकरांना जास्त झोंबतो. मग दहापर्यंत मोजत तांब्यानं एकसारखी धार. दहा म्हणजे दहा, अकरावा आकडा नाही.

आवाजाला मिक्सरपासून सुरुवात करा. "आता लावते" असं सांगून बटण लेकराला दाबू द्या. आवाज तोच असतो, पण तो कधी येणार हे त्याच्या हातात राहतं. लग्नात डीजेच्या वरातीला नेऊच नये, अक्षता पडल्यावर थेट जेवायला न्यावं. नातेवाईक नाराज होतील, होऊ द्या. कारखान्यात वापरतात ते कान झाकणारे मफ पिशवीत असावेत, पण दिवसभर कानावर नकोत, नाहीतर साधे आवाजही टोचायला लागतात. त्यामानानं येळवस, म्हणजे रानात जाऊन जेवायची वेळ अमावास्या, या लेकरांना झेपते. मोकळं रान, ढेकळांतून चालणं, पळायला जागा. फक्त त्या दिवशीची आंबील आणि भज्जी (मिसळीची भाजी) कुणी आग्रहानं तोंडात कोंबू नये. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत नुसता शेजारी ठेवायचा, दहा-पंधरा वेळा ठेवल्यावर कधीतरी बोट लागतं.

माती किंवा खडू खाण्याची सवय असेल तर थेरपीच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. ऐकू येण्याची आणि डोळ्यांची तपासणीही आधीच.

पुढचं सरकारी दवाखान्यातून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. तिथली तपासणी आणि थेरपी मोफत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आणि स्वमग्नता (ऑटिझम) आहेत, नुसती संवेदनांची अडचण नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं, त्यामुळे पहिलीतल्या लेकरासाठी त्याच्या मागं धावून चपला झिजवू नका. थेरपीला प्रमाणपत्र लागत नाही.

केंद्रावर जाताना चौदा दिवसांची वही न्या. किती वाजता बिनसलं, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ टिकलं, कशानं शांत झालं. चारच रकाने. आणि मोबाइलमध्ये दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन ठेवा, कारण तिथल्या थंड, शांत खोलीत लेकरू अगदी शहाण्यासारखं बसून राहतं.